बसेल म्हणालो होतो

आमचा लॅपटॉप सुरू करायचा म्हणजे आधी बटण दाबायचं आणि मग कुकर लावायला जायचं. शिट्ट्या होऊन भात मुरला तरी स्क्रीनवरचं ते गोल आपलं फिरतंच आहे. नवा घेऊ म्हटलं की आमचे हे म्हणतात, "चांगला चालतोय की!" यांना त्यावर फक्त क्रिकेटचा स्कोअर बघायचा असतो.

शेवटी बंगळुरूच्या भाच्यानं फोनवरूनच निदान केलं. "मावशी, आत फिरणारी तबकडी आहे, सगळा दोष तिचा. एसएसडी टाक, तिच्यात फिरणारं काही नसतं, सगळं चिपांवर साठतं. तुझ्यात तिच्यासाठी एम डॉट टू नावाचा एक रिकामा स्लॉट आहे." 'तुझ्यात' असं तो म्हणाला. मी मनावर घेतलं नाही.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदारानं माझ्यापुढे एक इवलीशी पट्टी टाकली. २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, म्हणून तिचं नाव २२८०. ५१२ जीबी. लॅपटॉपचं मॉडेल सांगून विचारलं, "यात बसेल ना?" दुसऱ्या गिऱ्हाइकाला माउस दाखवता दाखवता तो म्हणाला, "ताई, एम डॉट टू ना? बसेल."

घरी कार्यक्रम सुरू झाला. खालचे स्क्रू काढले तरी झाकण निघेना, कारण एक रबरी पायाखाली लपवलेला. तो सापडला तर कडेच्या क्लिपा. त्या निघताना 'कट्ट' असा आवाज करतात आणि प्रत्येक 'कट्ट'ला सासूबाई आतून विचारतात, "मोडलं का गं?" शेजारचे काका रबरी चपला घाल म्हणाले. भाचा म्हणाला, चपला राहू दे, अंगातली वीज जायला धातूला हात लाव आणि आधी बॅटरीची वायर काढ. मग मी दर थोड्या वेळानं उठून बेसिनच्या नळाला हात लावून येत होते.

पट्टी तिरकी सरकवायची, मग ती डोकं वर काढून राहते, तिला बोटानं आडवी दाबायची आणि तीळभर स्क्रूनं डांबायची. तो स्क्रू पेचकसाच्या टोकावर तोलून मी खाली नेत असताना घरातला पंखासुद्धा यांनी बंद केला. लग्नानंतर प्रथमच न सांगता.

लॅपटॉप सुरू केला. भात मुरला. एसएसडीचा पत्ता नाही.

आता सल्ल्यांना ऊत. "रीस्टार्ट केलास का?" हे तर आमच्या इस्त्रीवाल्यानंही विचारलं. काकांचं म्हणणं व्हायरस. यूट्यूबवरचा एक मुलगा 'हॅलो गाइज' म्हणून अर्धा वेळ चॅनल सबस्क्राइबच करायला सांगत होता. भाचा म्हणाला, बायोस बघ, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची सेटिंग. त्यासाठी सुरू होता होता एफ टू बडवत राहायचं. बायोसमध्ये जुनी हार्ड डिस्क ठणठणीत, नव्या बाईंचं नाव नाही.

"मावशी, पट्टीच्या पिनांमध्ये खाचा किती आहेत?"

"एक."

पलीकडे सुस्कारा. एम डॉट टू हा नुसता आकार, बोलीभाषा दोन: साटा आणि एनव्हीएमई. एक खाच असेल तर ती बहुधा एनव्हीएमई. माझ्या लॅपटॉपच्या स्लॉटला फक्त साटा कळतं. पट्टी आत नीट जाते, स्क्रू लागतो आणि दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत.

दुकानदार अजिबात ओशाळला नाही. "ताई, मी बसेल म्हणालो होतो. चालेल कुठं म्हणालो?" यावर उत्तर नव्हतं, कारण खरंच म्हणाला नव्हता. त्यानं दोन खाचांची साटा पट्टी दिली. वेग पहिलीपेक्षा कितीतरी कमी, किंमत तेवढीच. तरी तबकडीपेक्षा कैक पटींनी बरी, असं म्हणून मी घेतली.

पुन्हा क्लिपा, पुन्हा 'कट्ट', पुन्हा नळ. आणि बायोसमध्ये नाव झळकलं! मी ओरडलेच. विंडोज उघडली तर तिथे मात्र पूर्वीचेच सी आणि डी. घरात येऊन दोन वेळा जेवते आहे, पण रेशनकार्डावर नाव नाही, अशी तिची गत. हे चढवायचं खातं म्हणजे डिस्क मॅनेजमेंट. स्टार्टवर राइट क्लिक केलं की ते दर्शन देतं. तिथे ती 'नॉट इनिशियलाइज्ड' असा शेरा घेऊन बसलेली. एमबीआर की जीपीटी, म्हणजे डिस्कवरच्या जागेची नोंदवही कुठल्या पद्धतीची, असा प्रश्न आला. एमबीआर दोन टीबीपलीकडे जात नाही, जुनं आहे. जीपीटी घे, इति भाचा. मग न्यू सिम्पल व्हॉल्यूम, नेक्स्ट, नेक्स्ट आणि मिळालं एकदाचं अक्षर: एफ. जुन्या डिस्कवरची विंडोज उचलून इकडे आणणं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते भाचा दिवाळीत आल्यावर.

"किती जागा आहे म्हणालीस?" सासूबाईंनी चष्मा लावला.

"४७६ जीबी."

"पावतीवर तर ५१२ आहे."

मी समजावलं. कंपनी एक हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४च्या. माल तेवढाच, फक्त माप वेगळं. सगळ्यांनाच असं दिसतं.

सासूबाईंनी पावती घडी घालून कनवटीला लावली. "छत्तीस कमी दिलेत आणि तू तशीच उठून आलीस? आता जाशील तेव्हा मला घेऊन जा."