वीतभर पानशेत

चार रविवार गेले, दोन नखं गेली आणि नाकपुड्यांतून अजून हिरवा ऑइलपेंट निघतोय. नारायण पेठेतल्या वाड्यातून आलेलं सागवानी कपाट, सुताराने हाताने केलेलं, खिळा म्हणून नाही. त्यावर कुणा पुण्यवंताने तीनदा हिरवं फासलेलं. पार्किंगमध्ये आडवं घालून मी ते 80, मग 120, मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. बोहरी आळीतून पितळी मुठी आणल्या. फक्त सहा मागितल्या म्हणून दुकानदाराने माझ्याकडे जे पाहिलं ते वेगळंच प्रकरण आहे, जाऊ दे.

दुसऱ्या मजल्यावरचे काका चारही रविवार दुधाची पिशवी धरून शेजारी उभे. दूध नासेल, काका हलणार नाहीत.

"पावसाळ्यात लाखेचं पॉलिश? पांढरं पडेल."

पडलं. रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवलेला लाखदाणा, मलमलच्या बोळ्याने दिलेले सात हात, आणि वर साय धरल्यासारखं पांढुरकं. असली माणसं चुकली तर निदान चहा तरी पाजावासा वाटतो. ती बरोबर ठरतात.

काल एकदाचं संपलं. आतून आजीच्या इरकलीचे तुकडेही चिकटवले. काका वाकले आणि खालून वीतभर उंचीवर बोट टेकवलं.

"इथली रेघ कुठंय?"

"कुठली?"

"काळी. पाण्याची."

"डाग होता. घासला."

काकांनी पिशवी खाली ठेवली. चार रविवारांत पहिल्यांदा.

"डाग? अहो, पानशेत होतं ते! 12 जुलै 1961, धरण फुटलं तेव्हाचं. मी नऊ वर्षांचा होतो. तुमच्या माडीवर वीतभर चढलेलं पाणी! आणि तुम्ही ते 80 नंबरने..." पुढे त्यांना बोलवेना.

संध्याकाळपर्यंत तीन बिऱ्हाडं येऊन गेली. मुठी कुणी पाहिल्या नाहीत, इरकल कुणी पाहिली नाही. "हेच ते," काका सांगत होते, "रेघ होती. यांनी घासली." एका आजींनी तर माझ्याकडे पाहून च्च केलं. अरे, महिनाभर भुसा मी खाल्लाय, की काकांनी?

रात्री आत्याला फोन लावला. ती फिसकन हसली. "कसलं पानशेत! आधीचं कपाट पुरात गेलं म्हणून तर 62 साली हे करून घेतलं. सुतार महिनाभर चौकात बसला होता. रेघ तुझी रे. मुंजीत पाण्याचं पिंप लवंडलंस, आठवत नाही?"

आज सकाळी जिन्यातच काकांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्याबाईंचं वय काय?"

"एक्याऐंशी."

"हं."

म्हणजे पुरात सतरा वर्षांची असलेली माझी आत्या खोटी, आणि नऊ वर्षांचे हे खरे. मी चपला घालून निघालो, तर वरून हाक आली.

"अहो, अक्रोडी स्टेन उरलाय ना? त्याने रेघ आखून टाका परत. फक्त पट्टी लावू नका. पाणी काही सरळ रेषेत चढत नाही."