‘मार्कर तपासा, दुर्बीण टाळा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरबद्दल एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय. त्याचा सारांश असा: सुरुवातीच्या टप्प्यातली गाठ एकदा काढली की पुन्हा पुन्हा दुर्बीण (लघवीच्या मार्गाने नळी घालून पिशवी आतून बघणं) नको, ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण शोधणारी चाचणी, पुरे. निगेटिव्ह आला तर निर्धास्त, पॉझिटिव्ह आला तर कॅन्सर परतला. आणि डॉक्टर हे सांगत नाहीत, कारण त्यांचा धंदा बुडेल.

मार्कर रक्तातला की लघवीतला, हेही मेसेजात धड नाही. रक्तातला असेल तर विषय तिथेच संपला. प्रोस्टेटला जसा पीएसए, तसा या कॅन्सरला भरवशाचा रक्ताचा मार्कर नाही. तपासणीच्या पॅकेजात मिळणाऱ्या सीईए किंवा सीए-१२५ या रक्ताच्या मार्करांवरून पिशवीत गाठ पुन्हा आली का, हे ठरत नाही.

मार्कर लघवीतला असेल, तर ‘निगेटिव्ह म्हणजे निर्धास्त’ हे मात्र खरंच धोक्याचं आहे. एनएमपी२२ या लघवीतल्या प्रथिनाची कार्ड-चाचणी घ्या. कार्डावर लघवीचे चार थेंब टाकायचे, अर्ध्या तासाने रेघ बघायची. दिसायला झकास. तिचा अभ्यास २००६ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आधी हा कॅन्सर होऊन गेलेले ६६८ रुग्ण त्यात होते आणि त्यातल्या १०३ जणांना तो परत झालेला आढळला. कार्डाने त्यातले निम्मेच पकडले. नुसत्या दुर्बिणीने ९१ टक्के सापडले, दोन्ही मिळून ९९. म्हणजे कार्ड दुर्बिणीच्या जोडीला चालेल, तिच्या जागी नाही. लघवीतल्या पेशी पाहणारी सायटॉलॉजी तर तिथे १२ टक्क्यांवर अडली. कारण सौम्य, लो-ग्रेड गाठीच्या पेशी जवळजवळ निरोगी दिसतात आणि लघवीत कमी गळतात. आक्रमक, हाय-ग्रेड गाठींमध्ये सायटॉलॉजी बरीच कामाची ठरते. पिशवीच्या आतल्या अस्तरात सपाट पसरलेला कॅन्सर दुर्बिणीलाही कधी चकवतो, तिथे सायटॉलॉजीचा खरा उपयोग होतो.

बरं, हा कॅन्सर परतण्यात पटाईत. ईओआरटीसी या युरोपीय संशोधन गटाने २००६ मध्येच मांडलेल्या कोष्टकांत पाच वर्षांत तो परतण्याची शक्यता ३१ ते ७८ टक्के आहे. गाठींची संख्या, आकार, ग्रेड यांवर ती ठरते. अशा आजारात अर्ध्यांना चुकवणाऱ्या चाचणीवर विसंबायचं?

पॉझिटिव्हचंही तेच. जंतुसंसर्ग, मुतखडा, कॅथेटर, नुकतीच झालेली दुर्बीण, कशानेही एनएमपी२२ वाढू शकतो. बीटीए ही लघवीची दुसरी मार्कर-चाचणी तर लघवीत रक्त असलं तरी पॉझिटिव्ह येते. रिपोर्ट बघून हाय खाण्यापेक्षा आधी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) झालंय का ते विचारा.

राहिला ‘धंदा’. दुर्बिणीचा त्रास होतो, हे कुणीच नाकारत नाही. लवचिक दुर्बीण आणि भूल देणारी जेली असली तरी पुढचा एखादा दिवस लघवीला जळजळतं. पण वेळापत्रक धोक्यावर ठरतं. युरोलॉजीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोक्याच्या गाठीला तीन महिन्यांनी एकदा, ती साफ निघाली तर वर्ष पूर्ण होताना, मग वर्षातून एकदा, पाच वर्षांपर्यंत. जास्त धोका असेल तर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी. आपली गाठ कोणत्या गटातली, हे पॅथॉलॉजी रिपोर्टवरच्या ‘टीए’ किंवा ‘टी१’ (गाठ किती खोल गेली ते) आणि ग्रेड या शब्दांपासून कळायला लागतं. पुढच्या भेटीला तो कागद सोबत न्या आणि माझी दुर्बीण किती वेळा, हे सरळ विचारा.