आइनस्टाइन आणि ओढ्यापलीकडची हजेरी

शाळाशिक्षकांना ऑनलाइन आधुनिक भौतिकशास्त्र शिकवायचं म्हणजे आधी "सर, आवाज येत नाहीये" हे खणखणीत आवाजात ऐकायचं. ज्यांना बोलायला सांगावं ते अंगठा दाखवतात; ज्यांनी गप्प बसावं त्यांच्या कुकरला चौथी शिट्टी होते. दोष त्यांचा नाही. मतदारयाद्या, खिचडीचा हिशेब आणि "आजच्या आज भरा" छापाच्या माहित्या यांतून उरलेला रविवार मी खातो.

सुरुवात 1905 पासून, पुंजवादाने: आइनस्टाइन म्हणाला, प्रकाश ऊर्जेच्या सुट्या पुड्यांनी, म्हणजे पुंजांनी येतो. लाल प्रकाश कितीही प्रखर असो, जस्ताच्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन निघत नाही. अतिनील किरण मंद असले तरी काढतात. मी रंगात येतो, तेवढ्यात प्रश्न: "सर, हे दहावीला आहे का?" नाही म्हटल्यावर जी शांतता पसरते ती नेटवर्कची नसते.

म्हणून आइनस्टाइनची सापेक्षता, म्हणजे वेगाने आणि गुरुत्वाने घड्याळाची चाल बदलते हे, मी मागच्या दाराने आणतो. दहावीला 'अवकाश मोहिमा' धडा आहेच. तिथून जीपीएसचा उपग्रह गाठायचा. वर सुमारे 20,000 किलोमीटरवर त्याचं घड्याळ वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतं आणि गुरुत्व कमी म्हणून 45 पुढे पळतं. निव्वळ 38 पुढे. दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात दहाएक किलोमीटरची चूक.

एक काळा चौकोन उजळला. "सर, मी वर्गात असतो आणि हजेरीचं ॲप मला ओढ्यापलीकडे दाखवतं. आइनस्टाइनमुळेच ना?"

"नाही हो. ती दुरुस्ती आधीच केलेली असते. हा ओढा तुमच्या मोबाइलचा."

"तरी लेखी मिळेल का? हेडसरांना दाखवायला."

चॅटमध्ये पाठोपाठ "मलाही", "मलाही". इतका प्रतिसाद पुंजवादाला कधी मिळाला नव्हता.

मग प्रयोग दिला. एलईडी, सेल, फिरवून कमीजास्त करायचा रोध, मल्टिमीटर. लाल दिवा दोन व्होल्टच्या आतबाहेर पेटतो, निळ्याला अडीचच्या वर लागतात. त्यावरून प्लांकचा स्थिरांक, म्हणजे प्रकाशाच्या वारंवारतेवरून पुडीतली ऊर्जा सांगणारा आकडा, काढा म्हटलं. एका बाईंनी रात्री अकराला वहीच्या पानाचा फोटो पाठवला: 6.9 गुणिले 10 चा उणे 34 वा घात. पुस्तकात 6.63. घरच्या सामानावर एवढं जवळ! मी शाबासकी टाइप करतोय तोवर दुसरा मेसेज:

"सर, दिवे गणपतीच्या माळेतले कापले. आता उरलेली माळ लागतच नाही. ह्यांना काय सांगू?"

"एकसर जोडणी," मी लिहिलं. "हे मात्र अभ्यासक्रमात आहे."