गरुड चाळिशीत चोच फोडत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

"गरुडाचा पुनर्जन्म" हा मेसेज आला नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. नवीन वर्ष असो, दहावीचा निकाल असो, कुणाची रिटायरमेंट असो, तो येतोच, आणि आता तर ऑफिसच्या ट्रेनिंगमधे आणि शाळेच्या गॅदरिंगच्या भाषणातही येतो. थोडक्यात असं, की गरुड ७० वर्षं जगतो, पण चाळिशीत त्याची नखं लांब होऊन मऊ पडतात, चोच वाकून छातीला टेकते, पिसं जड होतात. मग एकतर मरायचं नाहीतर १५० दिवस तपश्चर्या करायची. तो डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नवी चोच आली की तिने नखं उपटतो, नवी नखं आली की त्यांनी पिसं उपटतो आणि पाच महिन्यांनी नवा कोरा होऊन अजून ३० वर्षं जगतो.

यातला एकही मुद्दा खरा नाही.

आधी ७० वर्षं. मेसेजसोबतच्या फोटोत जो पांढऱ्या डोक्याचा गरुड असतो तो बाल्ड ईगल, फक्त उत्तर अमेरिकेतला, आपल्याकडे तो नसतोच. जंगलात तो साधारण २०-३० वर्षं जगतो. पायात ओळखीची रिंग घातलेला सगळ्यात म्हातारा सापडला तो २०१५ मधे न्यूयॉर्क राज्यात, १९७७ साली पिल्लू असताना रिंग घातलेला, म्हणजे ३८ वर्षांचा, आणि तोही गाडीची धडक बसून मेला. म्हणजे रेकॉर्डवाल्या गरुडानेही मेसेजमधली चाळिशी गाठली नाही. पिंजऱ्यात रोज आयतं खाणं मिळालं की काही चाळिशी ओलांडतात, पण त्यांनाही कुणी खडकावर डोकं आपटायला जाताना बघितलेलं नाही.

सत्तरी गाठणारा पक्षी बघायचाच असेल तर तो आहे ना! पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरची विस्डम नावाची, अल्बट्रॉस या समुद्री पक्ष्याची मादी. १९५६ मधे चँडलर रॉबिन्स या पक्षीतज्ज्ञाने तिला रिंग घातली तेव्हाच ती मोठी झालेली होती, ४६ वर्षांनी २००२ मधे तीच मादी परत त्याच माणसाच्या हाती लागली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात, किमान ७३-७४ वर्षांची असताना, तिने अंडं घातलं. चोच तीच, पाय तेच. मला कळत नाही अशी खरीखुरी आजी असताना खोटा गरुड कशाला लागतो.

आता चोच. चोचीचं बाहेरचं कवच आपल्या नखासारखं केराटिनचं असतं, ते आयुष्यभर वाढतच असतं आणि हाडं फोडताना, मांस फाडताना, फांदीवर घासताना झिजतही असतं. त्यामुळे मोकळ्या गरुडाची चोच वाढून छातीला टेकायचा प्रश्नच येत नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची वाढते कधीकधी, तेव्हा सांभाळणारे लोक ती कापून घासून आकारात आणतात. पण कवचाच्या आत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत. टोकाचा टवका उडाला तर भरून येतो, आतलं हाड मुळापासून गेलं की गेलं.

हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. २००५ मधे अलास्कात एका बाल्ड ईगल मादीला कुणीतरी तोंडावर गोळी घातली आणि वरची चोच जवळजवळ सगळी गेली. ती कचरा डेपोत उपाशी, मरायला टेकलेली सापडली. तिचं नाव ठेवलं ब्यूटी. मेसेजप्रमाणे काही महिन्यांत नवी चोच यायला हवी होती ना? नाही आली. तिला मांस उचलता येईना, पाणी नीट पिता येईना, पिसं साफ करता येईनात, माणसं हाताने भरवत होती म्हणून जगली. शेवटी २००८ मधे अमेरिकेतल्या आयडाहोत लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर नायलॉनची चोच बनवून तिला बसवली. चोच तुटलेल्या गरुडाचं काय होतं ते हे असं होतं.

१५० दिवस उपास हा तर मला सगळ्यात अशक्य वाटतो. पक्ष्यांमधे उपासाचा दादा म्हणजे एम्परर पेंग्विनचा नर, अंटार्क्टिकाच्या थंडीत अंडं पायावर धरून जवळपास चार महिने काही खात नाही, पण तो आधी खाऊन खाऊन ३५-४० किलोचा होतो आणि मग एकमेकांना चिकटून गप उभं राहून चरबी जाळतो, तरी शेवटी वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. आणि हा चार-पाच किलोचा गरुड, चोच नाही, नखं नाहीत, म्हणजे शिकार बंद, तो पाच महिने उघड्या कड्यावर बसून वर नवीन चोच, नवीन नखं आणि नवीन पिसं तयार करणार? ते सगळं केराटिन म्हणजे प्रोटीन आहे, ते हवेतून येत नाही. नखांच्या आतही हाड असतं, ती उपटली तर रक्त वाहून आणि इन्फेक्शनने तो तिथेच संपेल.

पिसांचं खरं तर कौतुक करायला हवं. बाल्ड ईगलला सुमारे ७००० पिसं असतात, आणि सगळ्या पिसांचं वजन त्याच्या हाडांच्या सांगाड्याच्या दुपटीहून जास्त भरतं, तरी ती त्याला कधी "जड" होत नाहीत, कारण जुनी गळून नवी येणं सतत चालूच असतं. उडायची मोठी पिसं थोडी थोडी बदलतात, डाव्या पंखातलं गेलं की साधारण उजव्यातलंही तेच जातं, म्हणजे तोल बिघडत नाही आणि शिकार एक दिवसही थांबत नाही. सगळी पिसं बदलून व्हायला वर्षाहून जास्त लागू शकतं. उपटायला काही लागत नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? हा भाग मला स्वतःला फार आवडतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने लिहिलंय की म्हाताऱ्या गरुडाची वरची चोच वाढत वाकत जाते आणि तो शेवटी उपासमारीने मरतो. बघा, मूळ गोष्टीत गरुड मरतो! त्याने एक लोककथाही दिलीय, की गरुड आधी माणूस होता, दारी आलेल्या पाहुण्याला त्याने विन्मुख पाठवलं, म्हणून ही शिक्षा. दुसरीकडे बायबलच्या १०३ व्या स्तोत्रात तारुण्य गरुडासारखं नवं होतं अशी ओळ आहे. इसवी सन ४०० च्या आसपासच्या संत ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तिचा अर्थ लावताना सांगितलं की गरुड वाढलेली चोच खडकावर आपटून तोडतो आणि परत खायला लागतो. मध्ययुगातल्या युरोपी प्राणिकथांमधे तर तो सूर्याजवळ जाऊन जुने पंख जाळतो आणि झऱ्यात तीन बुड्या मारून तरुण होतो. म्हणजे खडकाला निदान दीड हजार वर्षांचा इतिहास आहे, पण नखं, १५० दिवस आणि चाळिशी यातलं काही त्या जुन्या गोष्टींत नाही.

"प्रेरणा घ्या हो, खरं-खोटं कशाला बघता" असं लगेच कुणीतरी म्हणतं. मला ते पटत नाही, कारण जखमी पक्षी आपोआप बरा होतो हे डोक्यात बसलं की माणसं त्याला तसंच सोडून निघून जातात. गरुडाच्याच कुळातली घार आपल्या शहरांत रोज डोक्यावर फिरते आणि संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजात पंख कापून खाली पडते, तो पंख काही तपश्चर्येने जोडला जात नाही. अशी घार दिसली तर वरून टॉवेल टाका, पंख अंगाशी धरून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, खोकं अंधाऱ्या शांत जागी ठेवा. रुतलेला मांजा ओढू नका, जखमेपासून थोडं अंतर ठेवून कात्रीने कापा. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नका. आणि लगेच वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.