चिंपांझींच्या दारी

युगांडातील बुडोंगोच्या राखीव जंगलात चिंपांझी पाहण्यास जाणाऱ्या माणसाची परीक्षा पायमोज्यांपासून सुरू होते. पँटचे पाय मोज्यांत खोचावेत अशी वाटाड्याची सक्त ताकीद असते, आणि ती पाळणारा प्रौढ मनुष्य शाळेच्या स्नेहसंमेलनातील मावळ्यासारखा दिसू लागतो. आमच्यातील एका गृहस्थांना हे रूप मानवले नाही. पुढे सियाफू नावाच्या कडकडून चावणाऱ्या मुंग्यांची रांग ओलांडताना त्यांनी भर जंगलात जे नृत्य केले, त्यात ताल होता, संकोच मात्र मुळीच नव्हता.

दुसरी अट नाकासंबंधी होती. माणसाची साधी सर्दी चिंपांझींच्या जिवावर बेतते; याच देशातील किबालेच्या जंगलात २०१३ साली आपल्या सर्दीच्या विषाणूने पाच चिंपांझी दगावले. त्यामुळे तोंडावर मास्क बांधून, चष्म्यावर साचणारी वाफ पुशीत आणि शिंक आलीच तर ती गिळण्याची मनोमन तयारी ठेवून आम्ही बुडोंगोच्याच कानियो पाबिडी भागातील महोगनी वृक्षांखालून वाटाड्याच्या मागे धावू लागलो. तो चालतच होता. धावत होतो ते आम्ही.

मध्येच तो थांबून उंबराच्या बियांनी भरलेली विष्ठा न्याहाळी, तर कधी उंच फांद्यांत आदल्या रात्रीचे घरटे दाखवी. चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवे अंथरूण घालतात आणि सकाळी ते न आवरता निघून जातात, हे ऐकून मला त्यांच्याविषयी प्रथमच मत्सर वाटला. इतक्यात झाडाच्या रुंद आधारमुळांवर कोणीतरी धडाधड लाथा हाणल्याचा आवाज डावीकडून आला. आम्ही धापा टाकीत डावीकडे पोहोचलो, तेव्हा तोच आवाज उजवीकडून येऊ लागला.

अखेर ते एका उंबरावर सापडले, आणि भेटीचा ठरलेला एक तास मान मोडेपर्यंत वर पाहण्यात गेला. दिसत होते ते बहुतांशी बैठकीचेच अवयव. एक मादी मात्र जरा खालच्या फांदीवर होती. तोंडभर उंबरे कोंबून, खालचा ओठ पुढे काढून ती त्यांचा रस सावकाश चोखत होती. तिच्या डाव्या हाताला तीन बोटे नव्हती. हरणे आणि रानडुकरे धरण्यासाठी चोरून लावलेल्या तारेच्या फाशांत येथील कितीतरी चिंपांझींचे हातपाय अडकतात. रस संपताच तिने चोथा थुंकला आणि तो नेमका माझ्या टोपीवर पडला.

वेळ संपल्याचे वाटाड्याने जाहीर केले, तेव्हा सगळी मंडळी भराभर खाली उतरली आणि आमच्याच पायवाटेने, आमच्या पुढे, कमालीच्या संथपणे चालू लागली. ठरलेले अंतर राखण्याचे बंधन अर्थातच फक्त आमच्यावर होते. त्यांच्यातील एकाने वाटेवर मध्येच बसकण मारून शेजाऱ्याच्या पाठीतील केस निवडावयास घेतले, आणि आम्ही मास्क सावरीत, मुंग्यांवर नजर ठेवीत, रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत उभे राहिलो.