‘पेस्ट सांगितली, रबर चिकटवलं’ या तक्रारीबद्दल

नमस्कार साहेब,

‘ग्राफिक्स कार्डाला पेस्ट लावायला दिलं, तर यांनी रबराचे तुकडे चिकटवून १४०० रुपये घेतले आणि पंखे आधीपेक्षा जास्त ओरडतात,’ असं तुम्ही लिहिलंय. यातली अर्धी तक्रार मला मान्य नाही, अर्धी पूर्ण मान्य आहे.

आधी रबराचं. ते थर्मल पॅड आहेत, सिलिकॉनमध्ये उष्णता वाहून नेणारी पूड मळलेले. मधल्या मुख्य चिपवर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, टेकूनच बसतो. तिथे पेस्टच, म्हणजे उष्णता वाहून नेणारा पातळ लेप, लागते आणि तीच लावली आहे. बाजूच्या मेमरी चिप मात्र बुटक्या. त्यांच्यावर मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट राहते. त्या फटीत हवा, आणि हवेतून उष्णता जवळजवळ जातच नाही. हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, साध्या पॅडचीही ३ ते ६. एवढी फट पेस्टने भरायला जाऊ नये. तुमच्या कार्डात आधी कुणीतरी नेमका तोच उद्योग केला होता: मेमरीवर पेस्टचे वाळलेले पोपडे, आणि वर हीटसिंकवर त्यांचा ठसासुद्धा नाही. म्हणजे ती कधी टेकलीच नव्हती. हे तेव्हाच फोन करून तुम्हाला सांगायला हवं होतं, ते राहिलं.

आता तुमचा स्क्रीनशॉट. मेमरी ८४ अंश. आमच्या जॉब कार्डवर आधीचा आकडा १०४ आहे. पॅडनी आपलं काम केलंय. पण मुख्य चिप ७४ आणि तिचा हॉटस्पॉट, म्हणजे तिच्यातली सगळ्यात गरम जागा, १०३? दोन्हींत १५-२० अंशांचा फरक असता तर मी काही बोललो नसतो. एप्रिलच्या उन्हावर ढकलून मोकळं होता आलं असतं, पण खोली तापली की सगळेच आकडे बरोबरीने चढतात, एकटा हॉटस्पॉट नाही. माझ्या अंदाजाने एका बाजूचा पॅड जाड पडलाय. त्यामुळे हीटसिंक तिकडे किंचित उचलला गेला आणि चिपचा एक कोपरा नीट दाबला गेला नाही. पंखे ओरडतात ते यामुळेच. अर्ध्या मिलिमीटरची चूक, पण आमची.

कार्ड घेऊन या. तुमच्यासमोर उघडू, फट मोजून पॅड बदलू, पेस्ट नवी लावू आणि अर्धा तास लोडवर चालवून दाखवू. पैसे द्यायचे नाहीत. अख्खा कॅबिनेट उचलून आणू नका, नुसतं कार्ड पुरे. आणि जमलं तर सकाळीच या, संध्याकाळी पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही.