सुनावणी घ्या, ऐकू नका

अभिनंदन! तुमच्या पदरात मोठा प्रकल्प पडलाय. विमानतळ असो, धरण असो की भुयारी रेल्वे, खडक कसा फोडायचा आणि काँक्रीट कुठल्या ग्रेडचं ओतायचं हे हाताखालचे लोक बघतील. तुमच्या वाट्याला येतात ती माणसं. पैसे लावणारा मालक, कर्ज देणारी बँक, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट, कंत्राटदार, त्याचे उपकंत्राटदार, परवानग्या देणारी खाती, जमिनीखालच्या केबल आणि पाण्याच्या लाइनी ज्यांच्या आहेत ते, आणि अगदी शेवटी ज्यांच्या दारावरून हे सगळं जाणार ते. या सगळ्यांना मिळून स्टेकहोल्डर म्हणायचं आणि कामाला लागायचं.

सुरुवात तक्त्यानं करा. व्यवस्थापनाच्या प्रत्येक कोर्समध्ये तो शिकवतात: चार चौकोन, एका बाजूला सत्ता, दुसऱ्या बाजूला रस. दोन्ही भरपूर असलेल्याला सांभाळायचं, रस आहे पण सत्ता नाही त्याला माहिती देत राहायचं, दोन्ही नसलेल्याकडे अधूनमधून बघायचं. तक्त्यात एकच खोट आहे, माणसं चौकोन बदलतात. तिकडे काणाडोळा करा. निविदेच्या वेळी एकदा भरा, रंगीत प्रिंट काढा, साइट ऑफिसच्या भिंतीवर चिकटवा आणि प्रकल्प संपेपर्यंत हात लावू नका.

जपान सरकारनं 1966 मध्ये नारिताला विमानतळ करायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांना विचारलंच नव्हतं. बरोबरच आहे, सत्ता नसलेला चौकोन. मार्च 1978 मध्ये उद्घाटन चार दिवसांवर आलं असताना विरोधक कंट्रोल टॉवरमध्ये घुसले आणि आतली यंत्रसामग्री फोडून टाकली. विमानतळ मे महिन्यात उघडला. दुसरी धावपट्टी सुरू व्हायला 2002 साल उजाडलं, तीही आखूड, 2180 मीटरची, कारण जमीन न विकणारे अजून तिथंच होते. मधल्या वर्षांत पोलीस मेले, आंदोलकही मेले. त्यांच्यासाठी तक्त्यात चौकोन नाही.

आता जनसुनावणी. ही कला आहे, घाई करू नका. आधी सगळं ठरवा, मग लोकांना विचारा. वार कामाचा, वेळ सकाळी अकराची, म्हणजे ज्यांना पोट आहे ते येणार नाहीत. अहवाल जाडजूड हवा आणि रस्ता नेमका कुणाच्या घरावरून जातो तो नकाशा परिशिष्टात, वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरात. माइक एकच, आणि तो तुमच्या माणसाकडे. तुमचं सादरीकरण दीड तास, नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं. कुणी उठून विचारलं, ‘‘साहेब, पायलिंगनं, म्हणजे पायाचे खांब जमिनीत घालताना, माझ्या भिंतीला तडे गेले तर कुणाकडे यायचं?’’ तर नम्रपणे सांगा, ‘‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’’ ही नोंद खरोखर घ्या. नोंद घेण्यानं आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही.

तड्यांवरून आठवलं. काम सुरू करण्याआधी आजूबाजूच्या घरांचे तारखेसकट फोटो काढून, घरमालकाची सही घेऊन ठेवायची एक पद्धत आहे. त्यामुळे जुना तडा कुठला आणि नवा कुठला हे कळतं. तुम्ही असलं काही करू नका. मग गल्लीतला प्रत्येक तडा तुमचाच ठरतो, आणि वकील मंडळीही स्टेकहोल्डर होतात.

शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी बाईंनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यांत वर नागरिकांच्या हाती कारभार. सगळ्यांत खाली लोकांना गुंडाळणं, आणि त्याच्या वर लोकांवर उपचार करणं, म्हणजे दोष तुमच्या योजनेत नसून त्यांच्या समजुतीत आहे हे त्यांना पटवणं. बाईंनी या दोन पायऱ्या सहभागात धरल्याच नाहीत. आपलं मात्र तेवढ्यावर भागतं.

जर्मनीत ‘श्टुटगार्ट 21’ या रेल्वे स्थानकाचं काम फेब्रुवारी 2010 मध्ये सुरू झालं. झाडं तोडायला विरोध करणाऱ्यांवर 30 सप्टेंबरला पाण्याचे फवारे सोडले गेले, कित्येक जखमी झाले. आणि मग, त्यानंतर, दोन्ही बाजूंना मध्यस्थासमोर बसवून नकाशे आणि आकडे टीव्हीवर थेट दाखवत चर्चा झाली. पुढच्या वर्षी सार्वमत घेतलं, तर बहुमत प्रकल्पाच्या बाजूनं! म्हणजे आधी विचारलं असतं तरी कदाचित ‘हो’च आलं असतं. पण मग तुमच्या अधिकाराला काय किंमत राहिली असती?

घरच्या मंडळींबद्दल, म्हणजे कंत्राटदार आणि आर्किटेक्ट यांच्याबद्दल, फार सांगत नाही, ते तुम्हाला उपजतच येतं. कंत्राटदाराचं बिल अडवा, ड्रॉइंग उशिरा द्या, आणि ‘काम संथ आहे’ हे पत्र मात्र वेळेवर पाठवा. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं काम 1959 मध्ये छताचं गणित सुटण्याआधीच सुरू केलं होतं. छताचा भार पेलेना म्हणून खालचे खांब पुन्हा बांधावे लागले. पुढे नव्या मंत्र्यानं आर्किटेक्ट उट्झॉन यांचे पैसे अडवले, 1966 मध्ये ते सोडून गेले, आणि 70 लाख डॉलरच्या अंदाजाची इमारत 1973 मध्ये 10 कोटी 20 लाखांना उघडली. पैसे अडवून किती वाचले याचा हिशोब तुम्हीच करा.

उशीर होईलच. त्याच्या अहवालात ‘अनपेक्षित कारणे’ असा रकाना असतो, तो सढळ हातानं भरा. नाला वळवल्यावर पहिल्याच पावसात वस्तीत पाणी शिरलं, तर तेही तिथंच टाका. सुनावणीत एका आजींनी आपल्या तीन मिनिटांत नेमकं हेच सांगितलं होतं आणि इतिवृत्तात त्याची नोंद आहे. काळजी नको, इतिवृत्त कुणी वाचत नाही, तुम्ही तरी कुठं वाचलंय?